टायरवरचा दोनशेचा आकडा

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मोटारींची शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवर दिसणारी फॉर्म्युला वन येते. जमिनीला चिकटून धावणाऱ्या गाड्या, कानठळ्या बसवणारा आवाज आणि कोट्यवधी रुपयांचा खेळ. आज मी तुम्हाला अगदी दुसऱ्या टोकाच्या शर्यतीबद्दल सांगणार आहे. या शर्यतीत रविवारी भाग घेणारा माणूस सोमवारी त्याच गाडीने ऑफिसला जातो. गाडीत मागे लहान मुलाची खुर्ची बसवलेली असते, ती शर्यतीपुरती काढून बाजूला ठेवायची आणि संध्याकाळी घरी जाताना पुन्हा बसवायची. या खेळाचं नाव ऑटोक्रॉस.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यात होतो. मोटारींच्या कारखान्यांचा तो मुलूख. तिथल्या सहकाऱ्यांमुळे हा नाद लागला. माझ्याकडे होंडा फिट होती. आपल्याकडे जॅझ नावाने जी आली, तीच ही गाडी. भाजी आणायला उत्तम. तिला घेऊन शर्यतीला जायचं म्हटल्यावर घरात हसू झालं, हे वेगळं सांगायला नको. पण त्या खेळाच्या नियमांत माझ्या या भाजीच्या गाडीलाही मानाची जागा होती. ती जागा कशी तयार केली जाते आणि ती टिकवायला किती खटाटोप करावा लागतो, हा आजचा विषय आहे.

आधी खेळ समजून घेऊ. मोठं वाहनतळ किंवा जुन्या विमानतळाची मोकळी काँक्रीटची जागा घ्यायची. आपले वाहतूक पोलीस ठेवतात तसे नारिंगी कोन मांडून वळणावळणांची वाट आखायची. गाड्या एकामागून एक सोडायच्या. प्रत्येकाची लढत घड्याळाशी. फेरी साधारण मिनिटभराची. बहुतेक वाट दुसऱ्या गिअरमध्येच संपते आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच राहतो. अंगावर येणारी दुसरी गाडी नाही, आपटायला भिंत नाही. चुकलं तर कोन उडतो.

आणि कोन उडाला की दोन सेकंदांचा दंड. त्यातही गंमत आहे. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर चौकोन आखलेला असतो. कोन सरकला, पण उभा आहे आणि चौकोनाला टेकलेला आहे, तर दंड नाही. आडवा पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला, तर दोन सेकंद. जिथे पहिला आणि दुसरा यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक असतो, तिथे दोन सेकंद म्हणजे सगळंच गेलं. हे कोन पाहायला आणि उचलायला पगारी माणसं नसतात. एका तुकडीने गाड्या चालवायच्या तेव्हा दुसऱ्या तुकडीने उन्हात उभं राहून कोन उचलायचे, मग अदलाबदल. मोठ्या हुद्द्यावरचा माणूसही कोनामागे पळतो. वारीत जसं कुणी कुणाचा हुद्दा विचारत नाही, तसंच काहीसं.

अमेरिकेत या खेळाची मोठी संस्था म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, थोडक्यात एससीसीए. ती १९४४ साली स्थापन झाली. तिच्या ऑटोक्रॉस शाखेला ‘सोलो’ म्हणतात, कारण वाटेवर एका वेळी एकटीच गाडी. १९७३ पासून राष्ट्रीय स्पर्धा होते. २००९ पासून ती नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराजवळ, जुन्या लष्करी विमानतळाच्या काँक्रीटवर भरत आली आहे. देशभरातून हजाराहून अधिक स्पर्धक येतात. दोन दिवस, दोन वेगळ्या वाटा, प्रत्येक वाटेवर तीन फेऱ्या. दोन्ही दिवसांच्या उत्तम फेऱ्यांची बेरीज म्हणजे निकाल. वर्षभराची तयारी आणि प्रत्यक्ष खेळ सहा मिनिटांचा.

आता खरा प्रश्न. माझी होंडा फिट आणि शेजारच्याची चारशे अश्वशक्तीची गाडी यांना एका घड्याळावर कसं तोलायचं? आपल्याला याचं उत्तर कुस्तीच्या आखाड्यातून ठाऊक आहे. पन्नास किलोच्या पोराला नव्वद किलोच्या पैलवानासमोर उभं करत नाहीत. वजनगट करतात. मोटारींचेही असेच गट असतात, पण मोटारींना दोन तराजू लागतात. एका तराजूत मूळ गाडी किती दमाची, हे तोलायचं. दुसऱ्यात मालकाने तिच्यात किती फेरफार केले, हे. फेरफार थोडे असतील तर एक विभाग, जास्त असतील तर दुसरा, आणि गाडी ओळखू येणार नाही इतके असतील तर तिसरा.

यातला सगळ्यात साधा विभाग म्हणजे ‘स्ट्रीट’. रस्त्यावरची गाडी, रस्त्यावरचे टायर. त्यात गाडीच्या कुवतीप्रमाणे गट आहेत. सर्वांत वर ‘सुपर स्ट्रीट’ आणि खाली ए पासून एच पर्यंतची अक्षरं. वरच्या गटात पोर्शा आणि कॉर्व्हेट यांच्या तिखट आवृत्त्या, मध्ये माझदा मियाटासारख्या हलक्या दोन माणशी गाड्या, आणि शेवटच्या एच गटात माझ्या फिटसारखी घरगुती मंडळी. गाडी या विभागात बसायची तर ती कारखान्यातून बारा महिन्यांत किमान हजारच्या संख्येने निघालेली हवी. म्हणजे एखाद्या कंपनीने शर्यतीसाठी म्हणून दहा-वीस खास गाड्या काढायच्या आणि त्यांना ‘रस्त्यावरची गाडी’ म्हणायचं, हा मार्ग बंद.

नियमपुस्तकाचा पाया एका वाक्यात सांगता येतो. जे करायला लिहून परवानगी दिलेली नाही, ते करायला बंदी आहे. आपल्या नेहमीच्या सवयीच्या हे उलट आहे. आपण विचारतो, ‘कुठे लिहिलंय की करू नये?’ इथे विचारतात, ‘कुठे लिहिलंय की करावं?’

आणि परवानग्या मोजक्याच. शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतात, स्प्रिंग नाही. यामागे व्यवहार आहे. शॉक ॲब्सॉर्बर झिजतात, ते कधीतरी बदलावेच लागतात, आणि जुन्या गाडीला मूळ कंपनीचे मिळतीलच असं नाही. वळताना गाडी कलू नये म्हणून पुढे आणि मागे जी आडवी दांडी असते, ज्याला अँटीरोल बार म्हणतात, त्यातली एक बदलता येते, पुढची किंवा मागची. दोन्ही नाही. चाकाची रिम मूळ रुंदीचीच हवी, व्यासात एक इंचाचा फरक चालतो. ब्रेकचे पॅड, एअर फिल्टर, सायलेन्सरचा मागचा भाग बदलला तर हरकत नाही. चाकांचा कल कारखान्याने ठेवलेल्या सोयीइतकाच फिरवायचा. ज्या गाडीत ती सोय मोठी, तिला फायदा. म्हणून गाडी कोणत्या गटात टाकायची, हे ठरवताना तोही विचार करावा लागतो.

हे सगळं झालं. पण शेवटी गाडी जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर. ब्रेक तिथेच लागतात, वळण तिथेच घेतलं जातं. माझ्या अनुभवात इतर सगळ्या फेरफारांनी मिळून जितका वेळ वाचतो, त्याहून अधिक एकट्या टायरने वाचतो. म्हणून नियमांची खरी परीक्षा टायरवर होते.

२०१३ पर्यंत या विभागाचं नाव ‘स्टॉक’ होतं. स्टॉक म्हणजे कारखान्यातून आली तशी. पण टायरच्या बाबतीत एक मोठी खिडकी उघडी होती. रस्त्यावर वापरायला कायद्याने मान्य असलेला टायर चालायचा. आता, शर्यतीसाठीच बनवलेले काही टायर कायद्याच्या कसोटीला जेमतेम उतरतात. नक्षी नावापुरती, रबर च्युइंगमसारखं मऊ. त्यांना ‘आर कंपाउंड’ म्हणतात. कागदावर रस्त्याचे, पण पावसात त्यांच्यावर घरी जायची छाती कुणाला व्हायची नाही. चार टायरांच्या संचाला हजार डॉलरांच्या पुढे पैसे पडायचे, आणि त्यांचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नसत, फेऱ्यांत मोजत. मग काय व्हायचं? माणूस साध्या टायरांवर यायचा, मागे छोट्या ट्रेलरवर दुसरी चार चाकं बांधलेली असायची. जॅक लावून चाकं बदलायची, फेऱ्या मारायच्या, पुन्हा बदलायची आणि घरी जायचं. गाडी ‘जशीच्या तशी’, आणि चाकं मात्र शर्यतीची.

आमच्याकडे तेव्हा एक विद्यार्थी यायचा. दहा-बारा वर्षं जुनी मियाटा, अर्धवेळ नोकरी, रस्त्यावरचे साधे टायर. मुलगा हाताचा चांगला होता. वाट पायी फिरून पाहताना तो जे टिपायचा ते मला चार वेळा पाहूनही दिसायचं नाही. पण त्याच्या गटात दोघं-तिघं आर कंपाउंडवाले होते आणि तो दरवेळी त्यांच्या दोन सेकंद मागे असायचा. एकदा कोन उचलायला आम्ही शेजारी उभे होतो. मी त्याला सहज म्हटलं, ‘अजून सराव कर, जमेल.’ त्यावर तो म्हणाला, ‘हरल्याचं मला वाईट वाटत नाही. पण मी हरतो की माझे टायर हरतात, हेच मला कळत नाही. मग सराव कशाचा करू?’ पुढच्या हंगामात तो आला नाही.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मला गट पाडण्याचा अर्थ नीट समजला. गट पाडल्याने सगळे जिंकत नाहीत, जिंकणारा एकच असतो. गट पाडायचे ते बाकीच्यांसाठी. हरलेल्याला आपण कुठे कमी पडलो हे समजावं, ब्रेक उशिरा लावला की वळण आधी घेतलं हे त्याला शोधता यावं. ते समजलं तर तो पुढच्या रविवारी पुन्हा येतो. ते समजलं नाही तर तो दुसरा छंद शोधतो.

संस्थेलाही हे दिसत होतं. शेजारच्या ‘स्ट्रीट टूरिंग’ विभागात रस्त्याच्या टायरांची अट आधीपासून होती आणि तिथे गर्दी वाढत होती. अखेर २०१४ पासून ‘स्टॉक’चं ‘स्ट्रीट’ झालं आणि आर कंपाउंडना या विभागात बंदी आली. जुन्याजाणत्यांना हे रुचलं नाही. ‘वेगच कमी करायचा तर शर्यत कशाला?’ हा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच चूक नव्हता. मऊ टायरवर गाडी सांभाळण्याचंही एक कसब असतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं कमावलं होतं.

पण बंदी घालायची म्हणजे व्याख्या करावी लागते. रस्त्याचा टायर म्हणजे नेमका कोणता? ‘मऊ नको’ असं नियमात लिहून भागत नाही, कारण मऊ कुणी ठरवायचं? आकडा हवा, आणि तो मैदानावर उभ्या असलेल्या तपासनिसाला वाचता आला पाहिजे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरच्या बाजूवर असा एक आकडा आयता छापलेला असतो. त्याला ‘ट्रेडवेअर’ म्हणतात. झिजेचा अंक म्हणू या. आर कंपाउंड टायरांवर तो शंभराच्या बराच खाली असे. नव्या नियमाने पहिल्या वर्षी तो किमान १४० असावा असं ठरवलं आणि २०१५ पासून किमान २००. जोडीला नवा असताना नक्षीची खोली किमान एका इंचाचा बत्तिसावा भाग गुणिले सात, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर. झालं. तपासनीस खाली वाकतो, आकडा वाचतो, पुढे जातो.

हा आकडा येतो कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. टेक्सास राज्यात सॅन अँजेलो नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरातल्या साध्या सार्वजनिक रस्त्यांवर सुमारे ६४० किलोमीटरची एक ठरलेली वाट आहे. तपासायचा टायर आणि तुलनेसाठीचा एक प्रमाण टायर, दोन्ही गाड्यांना लावून ताफ्याने या वाटेवर फिरवतात. एकूण साडेअकरा हजार किलोमीटर, म्हणजे अठरा फेऱ्या. मधूनमधून नक्षी मोजत राहायचं. प्रमाण झिजेला शंभर मानलं, तर त्याच्या दुप्पट टिकेल तो दोनशे, चौपट टिकेल तो चारशे. ग्राहकाला दुकानात टायर घेताना तुलना करता यावी, म्हणून सरकारने ही पद्धत सुरू केली. आणि हा अंक सरकारी माणूस येऊन देत नाही. कंपनी चाचणी करून स्वतः जाहीर करते. चाचणीत निघाला त्याहून कमी अंक छापायलाही तिला मोकळीक असते.

तुमच्या लक्षात आलं असेल. हा अंक झीज मोजतो. तीही शहाण्या माणसासारखी, वेगमर्यादेत चालवलेल्या गाडीवरची झीज. टायर रस्ता किती घट्ट धरतो, हे त्या अंकात कुठेच नाही. पूर्वी या दोहोंचं नातं होतं. पकड हवी तर रबर मऊ, रबर मऊ तर झीज जास्त. त्या नात्याच्या भरवशावर नियम लिहिला गेला.

पुढे काय झालं ते कुस्तीवाल्यांना सांगायला नको. वजनगटाची सीमा ठरली की पैलवान तिच्या अगदी टोकाला वजन आणून ठेवतो. आधी उपाशी राहतो, घाम काढतो, वजन देऊन झालं की पोटभर जेवतो. टायर कंपन्यांनीही तेच केलं. हजारो हौशी खेळाडू एकाच आकड्याचे टायर शोधताहेत म्हटल्यावर बाजार तयारच होता. २०१५ साली ब्रिजस्टोनचा आरई-७१आर अमेरिकेत आला. पुढे योकोहामाचा ए-०५२ आला, इतरांचेही आले. सगळ्यांवर आकडा दोनशे. पण पकड अशी की जुन्या मंडळींच्या भुवया उंचावल्या. सरळ रस्त्यावर नीट चालवलं तर हे रबर बऱ्यापैकी टिकतं. लिंकनच्या खरखरीत काँक्रीटवर आडवं घासलं की पेन्सिलीसारखं सोलतं.

शिवाय ऑटोक्रॉसची फेरी मिनिटभराची. खरा शर्यतीचा टायर तापायला वेळ लागतो. म्हणून इथे थंड असतानाच पकडणारा टायर लागतो, आणि कंपन्यांनी तोही दिला. मग उलटी अडचण. एकाच गाडीवर दोघं आळीपाळीने चालवत असले तर टायर तापून निबर होतात. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये मंडळी बागेत फवारणीसाठी वापरतात तसा पंप घेऊन टायरांवर पाणी मारत बसतात. गुलाबाला पाणी घालावं इतक्या मायेने.

म्हणजे पैसा मागच्या दाराने पुन्हा आत आला. ज्याला राष्ट्रीय स्पर्धेत वरचा क्रमांक हवा, तो आजही ताज्या टायरांचा संच घेऊनच उतरतो. मग नियम फसला का?

मी या प्रश्नावर पुष्कळ वाद ऐकले आहेत. कुणी म्हणतं, अंक तीनशे करा. पण मग कंपन्या तीनशेच्या टोकाला येतील. कुणी म्हणतं, सर्वांना एकच टायर सक्तीचा करा. तसा एक वेगळा गट संस्थेने काढलाही. त्याचं नाव ‘सोलो स्पेक कूप’. सुबारू बीआरझेड आणि तिची टोयोटाकडची जुळी बहीण, सगळ्यांना एकाच प्रकारचे सुटे भाग आणि एकच टायर. तिथे हे जमतं, कारण गाडी एकच. पण माझी फिट आणि कॉर्व्हेट यांना एकाच टायरची सक्ती कशी करणार? मापं वेगळी, वजनं वेगळी. शिवाय ज्या कंपनीला मक्ता दिला तिच्या मर्जीवर सगळा खेळ आला. कुणी म्हणतं, यादी करा आणि फार चलाख टायर त्यातून काढून टाका. मग ती यादी करणाऱ्यांवर रोज नवे आरोप होणार.

माझं उत्तर असं आहे. नियमाने पैशाला अडवलं नाही, ते कुठल्याच नियमाला साधलेलं नाही. पण त्याने एक मोठी गोष्ट परत आणली. दोनशेच्या टायरवर माणूस घरून निघतो, शर्यत खेळतो, वाटेत पाऊस लागला तरी त्याच टायरवर घरी पोचतो. ट्रेलर गेला, जॅक गेला, चाकांचा दुसरा संच बऱ्याच जणांचा गेला. पूर्वी साधा टायर आणि शर्यतीचा टायर यांत दरी होती, आता पायऱ्या आहेत. साधा दोनशेचा, बरा दोनशेचा, उत्तम दोनशेचा. आणि स्थानिक रविवारी, जिथे कुणी पदकासाठी जीव टाकत नाही, तिथे या पायऱ्या चालवण्याच्या कसबाने चढता येतात. माझ्या साध्या टायरांवरच्या फिटने महागडे टायर लावलेल्या एका गाडीला दोनदा मागे टाकलं, ते मी अजून घरात सांगतो.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हा नियम कुणी एकाने लिहून दगडावर कोरलेला नाही. कुणाही सभासदाला पत्र लिहून सांगता येतं की अमुक गाडी चुकीच्या गटात आहे, किंवा अमुक परवानगीचा गैरफायदा घेतला जातोय. सोलोचं एक नियामक मंडळ आहे, ते ही पत्रं वाचतं. प्रस्ताव ‘फास्टट्रॅक’ नावाच्या मासिक पत्रकात छापले जातात, सभासदांची मतं मागवतात, मग निर्णय होतो. नवीन गाडी बाजारात आली की तिला गट मिळतो. ती फार वरचढ ठरली तर तिला वरच्या गटात ढकलतात, जुनी होऊन मागे पडली तर खाली आणतात. एखाद्याने गाडीत चोरून काही बदललं असा संशय आला, तर स्पर्धकच लेखी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी पैसे भरावे लागतात. गाडी उघडून पाहिल्यावर ती नियमात निघाली, तर खर्च हरकत घेणाऱ्याच्या माथी. त्यामुळे उगाच कुणी बोट दाखवत नाही आणि दाखवलं तर ते गंभीरपणे घेतलं जातं.

गटागटांत तुलना करायलाही एक युक्ती आहे. मागच्या निकालांवरून प्रत्येक गटाला एक गुणक ठरवतात, त्याने आपल्या वेळेला गुणायचं. समजा, माझी वेळ ६५ सेकंद आणि गटाचा गुणक ०.७८, तर हिशेब आला ५०.७. दमदार गाडीवाल्याने ६० सेकंदांत फेरी मारली आणि त्याचा गुणक ०.८५, तर त्याचा हिशेब ५१. घड्याळावर तो पाच सेकंदांनी पुढे, पण कसबाच्या हिशेबात मी पुढे. हा हिशेब अचूक आहे असा कुणाचाच दावा नाही. पण त्यामुळे सत्तर गाड्यांच्या मैदानात होंडा फिटवाल्यालाही संध्याकाळी निकालाच्या फळ्याकडे जायला कारण मिळतं.

आता मी पुण्यात परतलो आहे. आपल्याकडेही ऑटोक्रॉस होतात, बहुतेक मातीवर. तिथे धूळ आणि खड्डे यांचा खेळ वेगळा, टायरही वेगळा. गटही बहुतेक इंजिनाच्या सीसीवरून पडतात. सीसी मोजायला सोपी असते, हा त्याचा गुण. पण एकाच सीसीच्या दोन गाड्यांत एक घरची आणि दुसरी आतून पुरी बदललेली असू शकते. हल्ली तरुण मुलं मला विचारतात, ‘काका, आपणही डांबरी मैदानावर साध्या गाड्यांची अशी स्पर्धा घ्यावी म्हणतो, नियम काय ठेवू?’ मी त्यांना अमेरिकेचं पुस्तक उचलून देत नाही. आपल्याकडच्या कित्येक टायरांवर तो दोनशेचा आकडा सापडायचाही नाही.

मी त्यांना तीन प्रश्न विचारतो. पहिला, तुम्हाला कोण यायला हवं आहे? त्याच्याकडे कुठली गाडी आहे आणि किती पैसे आहेत, हे डोळ्यांपुढे आणा. दुसरा, तुमचा नियम मैदानावर उभं राहून, गाडी न उघडता, पाच मिनिटांत तपासता येतो का? येत नसेल तर तो कागदावरच राहील. आणि तिसरा, वर्षभराने कुणीतरी त्या नियमाच्या टोकाला जाऊन बसेल, तेव्हा तो बदलायची रीत तुम्ही आधीच ठरवली आहे का? या तिसऱ्या प्रश्नावर मुलं जरा गप्प होतात. नियम करताना आपल्याला तो कायमचा करायचा असतो. पण खेळणारी माणसं हुशार असतात आणि हुशार माणसांसमोर कुठलाच नियम कायमचा टिकत नाही. नियमाला गाडीसारखीच सर्व्हिसिंग लागते.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर देणं एवढंच गटाच्या नियमांचं काम आहे. संध्याकाळी फळ्यावर आपली वेळ पाहताना माणसाला म्हणता यावं, ‘आज तिसऱ्या वळणावर मी घाई केली.’ एवढं त्याला प्रामाणिकपणे म्हणता आलं, की नियमांनी आपलं काम केलं. बाकी टायर काय, आज ना उद्या झिजायचेच आहेत.